वाचकांचे प्रश्न : ‘एक्स-मेन’ची वाट नेमकी कुठे चुकली?

प्रश्न : विलक्षण शक्ती घेऊन जन्मलेल्या ‘म्युटंट’ माणसांच्या संघाची कथा सांगणाऱ्या ‘एक्स-मेन’ मालिकेतील चित्रपट मी २००० सालच्या पहिल्या चित्रपटापासून क्रमाने पाहत आले आहे. २००३ सालच्या दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस जीन ग्रे आपल्या माणसांना वाचवताना पाण्याखाली जाते, तेव्हा मला रडू आवरले नव्हते. २०१९ सालच्या ‘डार्क फिनिक्स’मध्ये तीच जीन पुन्हा एकदा स्वतःचा बळी देते, आणि मी मात्र हातातले घड्याळ पाहत होते. निर्मिती करणारी कंपनी विकली गेली म्हणून मालिका बिघडली, असे सर्वत्र वाचनात येते. कारण खरोखर तेवढेच आहे का?

उत्तर : नाही. फॉक्सची विक्री डिस्नेला झाली ती मार्च २०१९ मध्ये, आणि ‘डार्क फिनिक्स’चे मुख्य चित्रीकरण त्याआधी २०१७ सालीच उरकलेले होते. पुढे शेवटाचा भाग नव्याने चित्रित झाला, प्रदर्शनाची तारीख दोनदा लांबणीवर पडली, हे सारे खरे आहे. परंतु आपल्याला आलेला कोरडेपणा शेवटच्या अर्ध्या तासापुरता नव्हता, तो पहिल्या प्रसंगापासूनच होता. माझ्या मते ही मालिका २००६ सालीच, तिसऱ्या चित्रपटात, वाट चुकली.

त्यासाठी आधी दुसऱ्या चित्रपटातील एका साध्या प्रसंगाकडे पाहू. म्युटंट मुलांच्या शाळेवर हल्ला झाल्यावर बॉबी हा मुलगा आपल्या मित्रांसह घरी येतो आणि आपण म्युटंट असल्याचे आईवडिलांना सांगतो. आई सुन्न होऊन बसलेली असते. बॉबी तिच्या कपातला चहा बोटाने गोठवून दाखवतो, आणि कप उपडा केल्यावर बशीत पडलेला तो गोळा घरातले मांजर चाटू लागते. आई विचारते, म्युटंट न होण्याचा प्रयत्न तू कधी केलास का? थोड्याच वेळात त्याचा धाकटा भाऊ माडीवर जाऊन पोलिसांना फोन करतो. या प्रसंगात कोणतीही इमारत कोसळत नाही, तरीही आपल्याच घरात परके होण्याचे दुःख काय असते ते पाच मिनिटांत काळजाला भिडते. ही मालिका खरी या प्रसंगांची होती. माणसांना एका खोलीत बसवून त्यांच्यामधले अंतर दाखवण्याची उसंत तिच्यापाशी होती.

तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी ती उसंत संपली. पहिले दोन चित्रपट करणारे ब्रायन सिंगर सुपरमॅनच्या चित्रपटाकडे वळले, त्यांच्या जागी आलेले मॅथ्यू व्हॉन चित्रीकरणापूर्वीच बाजूला झाले, आणि अखेर ब्रेट रॅटनर यांच्या हाती काम आले. मे २००६ मधले प्रदर्शन मात्र ठरल्याप्रमाणेच झाले. त्यातच दोन मोठ्या कथा एका चित्रपटात कोंबल्या गेल्या. म्युटंटांना ‘बरे’ करणारे औषध ही एक कथा, आणि मरणातून परतून अनावर शक्तीची ‘फिनिक्स’ झालेल्या जीनची ही दुसरी. यांपैकी कोणत्याही एका कथेला संपूर्ण चित्रपट अपुरा पडला असता; येथे दोन्हींना मिळून १०४ मिनिटे मिळाली.

मूळ कॉमिकशी तुलना केली की काय हरवले ते स्पष्ट दिसते. क्रिस क्लेरमाँट यांच्या लेखणीतून जीन १९७६ मध्ये फिनिक्स झाली आणि १९८० मध्ये मरण पावली. मधली चार वर्षे वाचक अंकामागून अंक तिच्याबरोबर होते. आधी तिची शक्ती पाहून हरखले, मग तिच्यातला बदल पाहून अस्वस्थ झाले, आणि एक तारा गिळून तिने एका ग्रहावरची अब्जावधींची वस्ती नष्ट केली तेव्हा हादरले. चंद्रावर, आपला प्रियकर स्कॉट याच्या डोळ्यांदेखत, ती स्वतःचे आयुष्य संपवते तो निर्णय तिचा स्वतःचा असतो आणि त्याची किंमतही तीच मोजते. ही मुळात जीन आणि स्कॉट यांच्या प्रेमाची कथा आहे. २००६ सालच्या चित्रपटात स्कॉटचे काय होते ते आठवून पाहा. तळ्याकाठी जीन त्याला जवळ घेते, त्याचा चेहरा वेडावाकडा होऊ लागतो आणि प्रसंग तुटतो. नंतर संघातल्याच लोगनला सापडतो तो त्याचा हवेत तरंगणारा चष्मा. पहिल्या चित्रपटापासून संघाचे नेतृत्व करणाऱ्या माणसाचा मृत्यू पडद्यावर दिसतसुद्धा नाही, आणि त्याच्यासाठी शोक करायला कोणी क्षणभर थांबतही नाही. जिच्या दुःखावर सारी कथा उभी राहायची, तिचे दुःख वाटून घेणारा माणूसच पहिल्या अर्ध्या तासात काढून टाकल्यावर मागे उरली ती केवळ पडझड.

तरीही त्या चित्रपटाने जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलरची कमाई केली, म्हणजे पहिल्या दोन्हींपेक्षा अधिक. मला वाटते, घात याच यशाने केला, कारण गल्ला भरला की काय चुकले हा प्रश्न विचारण्याची निकड कोणालाच उरत नाही. पुढे २०१४ सालच्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ने इतिहासच बदलला, आणि लोगन जागा होतो तेव्हा जीन आणि स्कॉट शाळेच्या दारात धडधाकट उभे असतात. तो क्षण मलाही अतिशय प्रिय आहे, हे मोकळेपणाने सांगतो. परंतु त्यामुळे २००६ सालची चूक दुरुस्त न होता केवळ पुसली गेली, आणि कोणाचेही मरण रद्द होऊ शकते हे प्रेक्षकाला एकदा कळले ते कळलेच.

त्यानंतर दुसरी संधी मिळाली, तीही २००६ सालच्या पटकथेच्या दोन लेखकांपैकी एकाला. सायमन किनबर्ग यांनी ‘डार्क फिनिक्स’ लिहिला आणि दिग्दर्शितही केला. मात्र या वेळची जीन, म्हणजे सोफी टर्नर, आपण त्याआधी केवळ एकाच चित्रपटात आणि तेही इतरांच्या गर्दीत पाहिलेली होती. पहिल्या जीनशी निदान दोन चित्रपटांची ओळख होती; हिची ओळख होण्याआधीच तिचे बिघडणे सुरू झाले. आपण घड्याळ पाहिलेत, यात आपले मन कोरडे झाल्याचे लक्षण मुळीच नाही.

प्रश्न : पात्रांची वये जुळत नाहीत, हा दोष आपल्याला महत्त्वाचा वाटत नाही का?

उत्तर : हिशेब जुळत नाही हे उघड आहे. १९४४ साली छळछावणीच्या फाटकाशी दिसणारा मुलगा, म्हणजेच पुढे धातूवर हुकूमत गाजवणारा मॅग्नेटो, १९९२ साली साठीला टेकलेला असायला हवा, आणि ‘डार्क फिनिक्स’मधला मॅग्नेटो चाळिशीचा दिसतो. पण हे प्रेक्षक पोटात घालतात. खरे नुकसान झाले ते पात्रांच्या तरुणपणाची कथा सांगणाऱ्या नंतरच्या दर चित्रपटात दहा-दहा वर्षांची उडी घेतल्याने. १९६२, १९७३, १९८३ आणि १९९२ या चार मुक्कामांच्या मध्ये या माणसांनी एकमेकांबरोबर जे आयुष्य काढले, ते आपल्याला कधी दिसलेच नाही. रूप बदलू शकणारी मिस्टिक १९८३ मध्ये शाळेत राहून मुलांना तयार करायला घेते. पुढच्या चित्रपटात ती शाळा चालवणाऱ्या चार्ल्सवर चिडलेली आहे, निघून जाण्याची भाषा करते आहे, आणि थोड्याच वेळात मरते. त्यांच्यात केव्हा आणि कशावरून बिनसले ते पाहिलेलेच नसल्यामुळे तिच्या मरणाने जीव कासावीस होत नाही. याहून मोठी हुकलेली गोष्ट म्हणजे पीटर या तरुण म्युटंटची. मॅग्नेटो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक आहे, २०१६ सालच्या चित्रपटात ते सांगण्याच्या उंबरठ्यावर येऊन तो गप्प राहतो, आणि पुढच्या चित्रपटात जखमी होऊन लवकरच कथेबाहेर जातो. बापलेकांची ती भेट राहिली ती कायमचीच, आणि याची मला आजही हळहळ वाटते.

प्रश्न : मालिका २००६ सालीच चुकली असेल, तर २०१७ सालचा ‘लोगन’ इतका चांगला कसा झाला?

उत्तर : कारण जेम्स मॅनगोल्ड यांनी त्यात जग वाचवायला घेतले नाही. दोन थकलेली माणसे आणि एक मुलगी, एवढाच पसारा ठेवला. ज्याचे मन साऱ्या जगाच्या मनांना स्पर्श करत असे त्या चार्ल्सला आता औषधाच्या गोळ्या आठवणीने द्याव्या लागतात, आणि लोगन त्याला उचलून जिना चढतो व अंथरुणावर निजवतो. सतरा वर्षांच्या सहवासाचे वजन त्या उचलण्यात आहे. या चित्रपटाला रूपांतरित पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, ते मला सर्वस्वी रास्त वाटते. नव्याने पाहणाऱ्या कोणाला सुचवायचे असेल, तर पहिले दोन चित्रपट दाखवून थेट ‘लोगन’ दाखवावा. मधले न पाहिल्याने त्याचे काही अडत नाही.