नाणी मोजणारे यंत्र कमी रक्कम दाखवत असेल, तर कॉइन रोल हंटिंग करणाऱ्याने काय करावे?

आपली अडचण अशी आहे की, अमेरिकेतल्या बँकेतून नाण्यांचे रोल आणून त्यांतली जुनी चांदीची नाणी वेचून झाल्यावर उरलेली नाणी आपण मोजणी यंत्रात ओतता आणि दर वेळी रक्कम दोन-चार डॉलरने कमी भरते. चूक यंत्राची की आपली, हे कसे ओळखावे आणि बँकेशी कसे बोलावे, असे आपण विचारले आहे. मी हा छंद बरीच वर्षे करतो आहे आणि या त्रासातून गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यंत्रासमोर जाण्याआधी आपला आकडा आपल्या हातात हवा. क्वार्टरच्या (२५ सेंटच्या नाण्यांच्या) पेटीत ४० नाण्यांचे ५० रोल, म्हणजे २,००० नाणी आणि ५०० डॉलर असतात, असे आपण धरून चालतो; पण ग्राहकांनी हाताने गुंडाळून जमा केलेल्या रोलमध्ये एखादे नाणे कमी असणे किंवा मधूनच कॅनडाचे नाणे निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. असा तुटवडा आपण रोल फोडतानाच टिपला नाही, तर तो पुढे यंत्राच्या माथी मारला जातो. मी वहीत तीन रकाने ठेवतो: रोलमध्ये प्रत्यक्ष निघालेली नाणी, ठेवून घेतलेली नाणी आणि परत न्यायची नाणी.

एवढी नाणी हाताने पुन्हा मोजणे कोणालाच परवडत नाही, आणि इथे वजनकाटा फार उपयोगी पडतो. १९६५ पासूनचा तांबे-निकेलचा डाइम (दहा सेंटचे नाणे) २.२६८ ग्रॅम, क्वार्टर ५.६७ ग्रॅम आणि १९७१ पासूनचा तसाच हाफ डॉलर ११.३४ ग्रॅम वजनाचा असतो. म्हणजे या तिन्ही नाण्यांचे एका डॉलरमागचे वजन सारखेच, २२.६८ ग्रॅम, भरते. त्यामुळे डाइम आणि क्वार्टर एकत्र मिसळलेले असले तरी २० डॉलरच्या ढिगाचे वजन ४५३.६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक पौंड यायला हवे. अख्खी पिशवी मात्र एकदम तोलू नये, कारण झिजलेल्या नाण्यांची किंचित घट साचत जाते आणि दोन-तीन नाण्यांचा फरक तिच्यात सहज लपतो. वीस-वीस डॉलरच्या ढिगात एक क्वार्टर कमी असला तरी काटा लगेच सांगतो. निकेल (पाच सेंटचे नाणे) पाच ग्रॅमचे असल्याने त्यांचा हिशेब सोपा आहे. सेंटच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण १९८२ मध्ये नाण्याचा धातू बदलला आणि ३.११ ग्रॅमची जुनी व २.५ ग्रॅमची नवी नाणी आजही एकत्रच फिरतात.

आता यंत्राकडे वळू. अनेक यंत्रांत फिरती तबकडी नाण्यांना कडेला ढकलते आणि तिथला संवेदक व्यास किंवा धातू पाहून नाणे ओळखतो. नाणे कडेला नीट टेकले नाही, दोन नाणी एकमेकांवर चढली किंवा चिकट मळामुळे जोडली गेली, की मोजणी चुकते. आपल्यासारख्यांच्या बाबतीत एक जादा कारण असते, ते म्हणजे रोलच्या कागदाचे तुकडे. नाण्यांबरोबर गेलेला बोटभर कागदही नाण्यांची वाट अडवू शकतो, म्हणून ओतण्याआधी ढीग पसरून चाळावा आणि नाणी ओंजळीओंजळीने, यंत्राचा आवाज एकसारखा राहील अशा बेताने सोडावीत.

माझ्याकडे एकदा क्वार्टरची पेटी होती. पाच नाणी ठेवून घेतल्यावर १,९९५ नाणी, म्हणजे ४९८.७५ डॉलर परत न्यायचे होते. पावतीवर ४९५.४० आले. मी नुसती बेरीज न पाहता खालचा नाण्यांचा तपशील वाचला, तर तिथे १,९८१ क्वार्टर आणि ३ निकेल असे लिहिले होते. माझ्या पिशवीत निकेल एकही नव्हते! काउंटरवरच्या बाईंना मी वहीचे पान आणि पावती शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्यांनी यंत्र उघडले तेव्हा नाकारलेली नाणी ज्या घसरणीवरून खाली येतात, तिच्या वळणात कागदाची एक घडी अडकलेली होती आणि तिच्यामागे अकरा क्वार्टर उभे राहिले होते. तीन क्वार्टर निकेल म्हणून वाचले गेले होते, हे त्यांनी तपशिलावरूनच मान्य केले आणि साठ सेंट वेगळे दिले. कागद बहुधा माझाच होता, आणि तसे मी त्यांना सांगितलेही.

म्हणून पावती घेतल्याबरोबर, रक्कम खात्यात जमा होण्याआधी आणि मागचा ग्राहक नाणी ओतण्याआधी, तपशील वाचावा. एकदा आपली नाणी दुसऱ्याच्या नाण्यांत मिसळली की कोणाचीच बाजू सिद्ध होत नाही. सुरुवात करण्याआधी परतीचा ट्रेही हाताने चाचपून पाहावा. आधीच्या माणसाचे काही राहिले असेल तर ते काउंटरवर द्यावे. धातू पाहणाऱ्या यंत्राने चांदीची नाणी अनेकदा नाकारून याच ट्रेमध्ये टाकलेली असतात, त्यामुळे वेचताना आपल्याकडून सुटलेला डाइमही कधी इथेच सापडतो.

ठराविक यंत्र वारंवार चुकते असा संशय असेल, तर वजन करून खात्री केलेली २० डॉलरची नाणी आधी टाकून पाहावीत. तेवढ्यातही फरक आला तर उरलेली पिशवी तिथे ओतू नये. अशी तक्रार करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या टीडी बँकेने मोजणीच्या अचूकतेवर प्रश्न उठल्यावर २०१६ मध्ये आपल्या शाखांतली अशी यंत्रे काढूनच टाकली होती. शाखेने दाद दिली नाही, तर गुंडाळलेले रोल स्वीकारणारी दुसरी शाखा शोधावी. ती शक्यतो आपण रोल विकत घेतो त्या शाखेपेक्षा वेगळी असावी, नाहीतर आपणच चाळलेली नाणी पुढच्या आठवड्यात आपल्याकडे परत येतात.

आणि यंत्राने कधी जास्त रक्कम दाखवली, तर तीही त्याच वहीच्या आधारे, त्याच काउंटरवर, तितक्याच तत्परतेने सांगावी.