मशीनवर नजर ठेवायला जुना सीएनसी कंट्रोलर बदलावा का?

रबाळे एमआयडीसीत तुमची दोन जुनी टर्निंग सेंटर (सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारी लेथ) आणि एक नवी व्हीएमसी (उभं सीएनसी मिलिंग मशीन) आहे. मशीन किती वेळ थांबतं ते कळावं आणि प्रोग्राम आधी संगणकावर तपासता यावा, म्हणून सगळीकडे मूळ कंट्रोलरच्या जागी लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर बसवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: कमावत्या मशीनचा कंट्रोलर, म्हणजे ते चालवणारा संगणक, एवढ्यासाठी काढू नका.

नजर ठेवायला एमटीकनेक्ट घ्या. हे खुलं मानक मशीनकडून फक्त माहिती वाचतं, मशीनला हुकूम देत नाही. व्हीएमसीला इथरनेट असेल तर अ‍ॅडाप्टर हा छोटा प्रोग्राम कंट्रोलरकडून स्थिती घेतो आणि एजंट हा दुसरा प्रोग्राम ती नेटवर्कवर एक्सएमएल या ठरलेल्या मजकूर-साच्यात देतो. जुन्या मशीनवर टॉवर लाईट, म्हणजे मशीनची स्थिती दाखवणारे रंगीत दिवे, कामाला येते. आम्ही वागळे इस्टेटमध्ये तेच केलं. दिव्यांचा सिग्नल बहुधा 24 व्होल्टचा, तर तो नोंदणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची पिन 3.3 व्होल्टची. मध्ये ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) हवाच, नाहीतर बोर्ड जळेल. हिरवा, पिवळा, लाल एवढंच नोंदलं तरी पिवळ्यात गेलेला वेळ दिसतो: जॉब बदलताना, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) शोधताना, इन्स्पेक्शनची वाट बघताना. हे आकडे धाक म्हणून वापरू नका. स्क्रीन ऑपरेटरसमोर लावा. मशीन का थांबलं ते त्यालाच ठाऊक असतं.

प्रोग्राम तपासायला मात्र लिनक्ससीएनसी उत्तम. सिम्युलेशन कॉन्फिगरेशन साध्या संगणकावर, काहीही न जोडता चालतं आणि टूलचा मार्ग दिसतो. मिलिंगसाठी कॅमोटिक्स हे सॉफ्टवेअर तीन अक्षांत कापलेला जॉबही दाखवतं. पण फानुक कंपनीच्या कंट्रोलरसाठी लिहिलेले मॅक्रो (प्रोग्राममधली सूत्रं आणि अटी) यात जसेच्या तसे चालत नाहीत, आणि चकचे जबडे किंवा तुमचं फिक्स्चर कुठे आहे हे त्या चित्राला माहीत नसतं. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ चालवून), रॅपिड ओव्हरराइड, म्हणजे न कापता धावण्याचा वेग, कमी ठेवूनच घ्या.

कंट्रोलर मेला, सुटे भाग मिळेनात, पण बेड आणि बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे स्क्रू) धडधाकट आहेत, अशा मशीनवर लिनक्ससीएनसी जरूर बसवा. त्याचा उगम अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत 1990 च्या दशकात झाला. त्याला रिअल-टाइम कर्नल, म्हणजे प्रत्येक काम ठरल्या वेळी करणारा लिनक्सचा गाभा, लागतो, म्हणून संगणक पक्का करण्याआधी त्यावर लेटन्सी टेस्ट (संगणक किती उशीर करतो त्याची चाचणी) चालवा. इमर्जन्सी स्टॉप मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नका. बटण दाबताच मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हची पॉवर तुटेल अशी स्वतंत्र वायरिंग करा.