समन, कॉन्जर, इन्व्होक, इव्होक: मंत्रतंत्रातल्या या शब्दांचा रोजच्या इंग्रजीत नेमका फरक काय?

शब्दकोशात या चौघांपुढेही 'बोलावणे' किंवा 'आवाहन करणे' असंच दिसतं, मग कुठे कुठला वापरायचा, असा तुमचा प्रश्न आहे. अर्थ पाठ करण्याऐवजी मी दोन प्रश्न विचारतो: बोलावणाऱ्याचा अधिकार किती, आणि येणारी गोष्ट येते कुठून?

'समन'मध्ये अधिकार बोलावणाऱ्याकडे असतो. मांत्रिकाने समन केलेल्या पिशाच्चाला 'नंतर येतो' म्हणायची सोय नसते. न्यायालय साक्षीदाराला किंवा साहेब कारकुनाला समन करतो तेव्हाही तोच सूर. मराठीत जवळचा शब्द 'पाचारण करणे'. म्हणूनच मित्राला चहाला 'समन' केलं तर ते विनोदी वाटतं. विनोदच करायचा असेल तर जरूर वापरा. न्यायालयाचा कागद मात्र 'अ समन्स'. शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही, त्यामुळे एक असला तरी समन्सच, आणि अनेक असले तर 'समन्सेस'. 'अ समन वॉज इश्यूड' ही चूक फार दिसते. व्हिडिओ गेममध्ये बोलावलेल्या प्राण्याला 'अ समन' म्हणतात, पण ती खेळाडूंची बोली झाली. अर्जात किंवा बातमीत ती चालणार नाही.

'समन'ला 'अप' जोडलं की बोलावणं स्वतःच्या आतल्या शक्तीला जातं: 'शी समन्ड अप द करेज टु आस्क'. म्हणजे तिने धीर एकवटून विचारलं. इथे कर्म म्हणून धैर्य, बळ, उत्साह, फार तर ओठांवर ओढून आणलेलं हसू येतं. माणूस येत नाही.

'कॉन्जर'ची गंमत मुळात आहे. लॅटिनमध्ये 'कॉन्जुरारे' म्हणजे एकत्र शपथ घेणे, कट करणे. पुढे अर्थ झाला शपथ घालून भुताला बांधणे, आणि शेवटी हातचलाखीने टोपीतून ससा काढणे. आजच्या वापरात शपथ उरली नाही, 'काहीच नव्हतं आणि आलं' हा भाव उरला. स्वयंपाकघरात जेमतेम चार वस्तू असताना कुणी पूर्ण जेवण उभं केलं तर 'कॉन्जर्ड अप अ मील'. एखाद्या वासाने जुनं घर डोळ्यांसमोर उभं राहिलं तर तो वास 'कॉन्जर्स अप' त्या घराचं चित्र. या अर्थी 'अप' सहसा सोडू नका. उच्चार 'कंजर'च्या जवळ जातो. 'कन्‌जुअर' असा दुसऱ्या भागावर जोर देणारा उच्चार 'कळकळीने विनवणे' या जुन्या अर्थाचा आहे. तो आता जुन्या पुस्तकांतच भेटतो. 'अ नेम टु कॉन्जर विथ' म्हणजे ज्याच्या नुसत्या उच्चाराने वजन पडतं असं नाव. मुळात मंत्रात घालण्याजोगं नाव.

खरा घोळ 'इन्व्होक' आणि 'इव्होक'मध्ये होतो. दोन्हींत लॅटिन 'व्होकारे', म्हणजे हाक मारणे. पहिल्यात 'इन', दुसऱ्यात 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग. विधिपूर्वक जादू करणारे हा फरक काटेकोर पाळतात: देवतेला स्वतःत उतरवणं हे इन्व्होकेशन, तर आत्म्याला समोर प्रकट करणं हे इव्होकेशन.

रोजच्या भाषेत 'इन्व्होक' म्हणजे आपल्याहून मोठ्या कशाचा तरी आधार घेणं: कलम, हक्क, पूर्वजाचं नाव, देव. 'समन'च्या बरोबर उलट, कारण इथे वजन बोलावलेल्याचं असतं. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्यासाठी 29 मार्च 2017 रोजी पन्नासावं कलम 'इन्व्होक' केलं. नाटोचं पाचवं कलम 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर इन्व्होक झालं. कलम आधीपासून तिथे होतंच, फक्त ते पुढे केलं गेलं. प्रोग्रामर फंक्शन इन्व्होक करतात तेही याच चालीने: फंक्शन लिहून ठेवलेलं असतं, हाक मारली की कामाला लागतं.

'इव्होक' मनातून काहीतरी बाहेर काढतं: आठवण, दया, राग, प्रतिसाद. कर्ता बहुधा माणूस नसून गाणं, फोटो, वास असा काही असतो. त्यामुळे 'द स्पीच इन्व्होक्ड सिम्पथी' लिहिलं तर चूक, तिथे 'इव्होक्ड' हवं. आणि 'ही इव्होक्ड द रूल' हीसुद्धा चूक. मराठीत करून पाहा: 'जागवली' बसलं तर इव्होक, 'आधार घेतला' बसलं तर इन्व्होक. मात्र राग मुद्दाम डिवचून आणला असेल तर याच घराण्यातला 'प्रोव्होक' घ्या. स्पेलिंगही सांभाळा: क्रियापदात 'के' असतो, 'इन्व्होकेशन' आणि 'इव्होकेटिव्ह'मध्ये त्याचा 'सी' होतो.

तुम्ही विचारले नाहीत, पण बातम्यांत हमखास भेटणारे आणखी दोन. 'रेझ द स्पेक्टर ऑफ' म्हणजे भूत उठवणं, पण पुढे येतं युद्ध, महागाई, बेरोजगारी असं काही वाईटच. 'रेझ द स्पेक्टर ऑफ पीस' कुणी लिहिलं तर तो टोमणा समजावा. दुसरा 'कॉल अप': फाइल पडद्यावर आणणं, खेळाडूला संघात बोलावणं, ब्रिटिश इंग्रजीत सक्तीने सैन्यात घेणं. मंत्राचा वास त्याला जवळजवळ उरलेलाच नाही.

आणि बोलावलेलं परत पाठवायचं असेल तर 'एक्सॉर्साइझ'. त्याच्याही पोटात ग्रीक शपथच आहे, म्हणजे 'कॉन्जर'चा हा दूरचा भाऊ. भूतकाळातलं अपयश, जुना पराभव, मनातली भीती यांच्याबाबत तो वापरतात. फक्त व्यायामाच्या 'एक्सरसाइझ'शी गल्लत नको. स्पेलचेकर पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.