टॉवेल चांगला आहे हे चारचारदा लिहू नका

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांचं दुखणं एकच आहे. इंग्रजी येतंय, पण समोरच्यावर त्याचा परिणाम होत नाही, नाहीतर समोरच्याच्या इंग्रजीचा आपल्यावर नको तेवढा होतो. म्हणून इतर प्रश्न पुढच्या महिन्यासाठी ठेवलेत, राग मानू नका.

मॅडम, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आता मी बाहेरच्या देशातल्या बायर लोकांना डायरेक्ट मेल टाकायला लागलोय. मेल असा आहे : ‘वुई आर बेस्ट टॉवेल मॅन्युफॅक्चरर इन सोलापूर. अवर टॉवेल इज व्हेरी व्हेरी सॉफ्ट अँड सुपर क्वालिटी. काइंडली गिव्ह ऑर्डर अँड डू द नीडफुल.’ एकाचं पण उत्तर नाही. ग्रामर चुकतंय का?

ग्रामर थोडं चुकतंय, पण त्याच्यामुळं उत्तर येत नाही असं अजिबात नाही. तुमच्या मेलमध्ये सांगितलंय काय तेच सापडत नाही बघा. बेस्ट, व्हेरी व्हेरी, सुपर, हे शब्द फुकटचे आहेत, कोणी पण लिहितंय, आणि त्या बायरला त्याच दिवशी आलेल्या बाकीच्या मेलमध्ये पण हेच असणार. एक युक्ती सांगते, आपलं वाक्य उलटं करून बघायचं. ‘आमचा टॉवेल बेकार आहे’ असं जगात कोणी लिहील का? नाही ना? मग ‘आमचा टॉवेल बेस्ट आहे’ यातून त्याला नवीन काहीच कळलं नाही. आता ‘आमचा टॉवेल ५०० जीएसएमचा आहे’ (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम) हे उलटं करा, दुसऱ्याचा ३५० चा असू शकतो, म्हणजे इथं माहिती आहे, आणि बायर त्या आकड्यावर थांबतो.

तर विशेषणं काढा आणि त्या जागी वस्तू ठेवा. जीएसएम किती, कॉटन शंभर टक्के का मिक्स, साइज काय, गरम पाण्यात रंग जातो का. नवीन टॉवेल पहिल्या धुण्याआधी पाणी नीट शोषत नाही, कारण फिनिशिंगला सॉफ्टनर मारलेला असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितंय. हेच लिहा की! ‘इट सोक्स बेटर आफ्टर द सेकंड वॉश.’ स्वतःच्या मालातलं एक उणं आपणहून सांगणारा माणूस बाकीचं पण खरंच बोलत असेल असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि इथं ते उणं नाहीच, फक्त खरं आहे. सोलापूरच्या टेरी टॉवेलला चादरीसारखाच जीआय टॅग, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख, आहे, तुमच्या मालाला तो लावता येत असेल तर तो पण एका ओळीत टाका, पण खात्री करून.

दुसरं, ‘गिव्ह ऑर्डर’. ओळख ना पाळख आणि एकदम ऑर्डर द्या म्हणताय. छोटं काहीतरी मागा आणि कारण द्या. कारणाचं महत्त्व सांगताना हल्ली सगळे मोटिव्हेशनवाले एक प्रयोग सांगतात, एलेन लँगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या साथीदारांनी केलेला, १९७८ चा. झेरॉक्स मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, माझी ५ पानं आहेत, मी आधी काढू का? नुसतं विचारलं तर ६० टक्के लोकांनी हो म्हटलं. ‘बिकॉज आय ॲम इन अ रश’ म्हटल्यावर ९४ टक्के. आणि ‘बिकॉज आय हॅव टू मेक कॉपीज’ असं काहीच्या काही कारण दिलं तरी ९३! म्हणून हे लोक सांगतात की बिकॉज हा जादूचा शब्द आहे, कुठं पण घाला. पण पुढची अर्धी गोष्ट कोणी सांगत नाही. पानं ५ ऐवजी २० केली तेव्हा ते पोकळ बिकॉज काही कामाला आलं नाही, नुसतं विचारल्यासारखेच २४ टक्के लोक हो म्हणाले, खरं कारण दिल्यावर ४२. म्हणजे किरकोळ कामाला लोक कारण नीट ऐकत पण नाहीत, मोठं मागितलं की बरोबर ऐकतात. टॉवेलची ऑर्डर म्हणजे २० पानांचं काम आहे.

असं काहीतरी लिहून बघा : ‘वुई वीव्ह ५०० जीएसएम कॉटन टॉवेल्स फॉर स्मॉल हॉटेल्स. द कलर होल्ड्स इन अ हॉट वॉश. कुड आय सेंड यू टू सॅम्पल्स? द वेट इज हार्ड टू जज फ्रॉम अ फोटो.’ बिकॉज शब्द पण नाही बघा त्यात, तरी कारण आहे. (आकडे अर्थातच तुमच्या मालाचे टाका, माझे नाही.)

आणि ते नीडफुल काढा हो. आपल्या कचेऱ्यांत ते अजून जोरात चालतं, पण अमेरिकेतल्या माणसाला नक्की काय करायचं तेच कळत नाही.

मी नर्सिंग केलंय, बाहेर जायचंय म्हणून ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चालू आहे. रोल प्लेमध्ये शेवटी पेशंटला ‘एनी अदर प्रॉब्लेम?’ विचारते. क्लासचे सर म्हणाले ‘समथिंग’ वापर. पण शाळेत तर शिकवलं होतं की प्रश्नात एनी येतं. कोण बरोबर?

दोघं पण, पण तुझे सर जास्त. आणि मला हा प्रश्न फार आवडला, कारण यावर दवाखान्यातच झालेला अभ्यास आहे.

२००७ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज आणि त्यांच्या टीमनं फॅमिली डॉक्टरांबरोबर हे करून बघितलं. पेशंटकडून आत जायच्या आधीच लिहून घेतलं की आज काय काय सांगायचंय. मग काही डॉक्टरांनी विचारायचं, ‘इज देअर एनीथिंग एल्स यू वाँट टू ॲड्रेस इन द व्हिजिट टुडे?’ आणि काहींनी तेच्या तेच वाक्य, फक्त एनीथिंगच्या जागी समथिंग. ज्यांच्याकडं एकापेक्षा जास्त तक्रारी होत्या त्यांच्यात समथिंगला सुमारे ९० टक्के पेशंट ‘हो, आहे’ म्हणाले, एनीथिंगला ५३ च्या आसपास. सांगायच्या राहून जाणाऱ्या तक्रारी समथिंगमुळं ७८ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि एनीथिंगचा म्हणावा असा उपयोगच झाला नाही. म्हणजे विचारलं न विचारलं सारखंच.

असं का होतं? एनी हा शब्द इंग्रजीत नकाराच्या घरचा आहे, आय डोन्ट हॅव एनी, नॉट एनी, आणि तो वास प्रश्नात पण येतो. आपल्याकडच्या ओपीडीत बघ ना, डॉक्टर पेन बंद करत करत म्हणतात, ‘अजून काही नाही ना?’ आता याच्यावर कोण म्हणणार, आहे की, गुडघा पण दुखतोय? म्हातारी माणसं तर ‘नाही नाही’ म्हणून उठतात आणि रिक्षात बसल्यावर सुनेला सांगतात. तेच ‘अजून काय होतंय?’ विचारलं तर सांगतील.

शाळेतला नियम चुकीचा नाही, अर्धा आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ यावं असं तुला वाटतं तिथं सम येतं. पाहुण्याला ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणतात ते याच्यासाठीच, तिथं एनी टी म्हटलं तर चहा टाकायची इच्छा नाही असं वाटायचं. आणि ‘एनी प्रॉब्लेम?’ हे दोन शब्द तर पेशंटला कधीच नको, ते जरा दटावल्यासारखं लागतं.

प्लीज लावलं की वाक्य पोलाइट होतं ना?

नाही. ‘प्लीज सेंड द फाइल’ हा प्लीज लावलेला हुकूमच आहे. मराठीत आपल्याकडं ‘द्या’ म्हटलं की त्यातच मान आला, वर ‘जरा द्या की ओ’ म्हटलं की अजून मऊ. इंग्रजी क्रियापदाला हे काही येत नाही, सेंड म्हणजे सेंड, साहेबाला पण आणि पोराला पण. म्हणून ते लोक वाक्यच प्रश्नात वळवतात आणि कॅनचं कुड, विलचं वुड करतात. ‘कुड यू सेंड द फाइल बाय फोर?’ बस, प्लीज नसलं तरी चालतं.

मॅडम, मी यूपीएससी करतोय, अभ्यासिकेत रोज दोन इंग्रजी पेपर वाचतो. गंमत म्हणजे जो अग्रलेख वाचीन त्याचंच पटतं. सकाळी एका बाजूचा, दुपारी विरुद्ध बाजूचा. भाषेनं असं होतं का माझंच डोकं तसं आहे?

डोकं ठीक आहे तुझं. विशेषणं आली की तू सावध होत असशील, ‘शॉकिंग’, ‘शेमफुल’ वगैरे दिसलं की कळतं हा भडकवतोय. क्रियापदाकडं मात्र कोणी लक्ष देत नाही आणि खरं काम तेच करून जातं.

१९७४ चा एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींना हिट झाल्या तेव्हा स्पीड किती होता? काहींना हिटच्या जागी स्मॅश्ड म्हटलं, काहींना काँटॅक्टेड. फिल्म त्याच. स्मॅश्ड ऐकलेल्यांनी सरासरी ताशी ४१ मैलांच्या आसपास सांगितलं, काँटॅक्टेडवाल्यांनी ३२ च्या आसपास. आपल्या हिशोबात ६६ किलोमीटर आणि ५१ किलोमीटर, एका शब्दानं एवढा फरक. याच्यापुढचं ऐक. दुसऱ्या प्रयोगात फिल्म दाखवून एका आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच बघितली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. स्मॅश्डवाल्या ५० जणांतल्या १६ जणांना ती दिसली होती, हिटवाल्या ५० तल्या ७ जणांना. म्हणजे शब्दानं मत बदललं एवढंच नाही, आठवणीत काच आणून ठेवली.

आता अग्रलेखात ‘प्रोटेस्टर्स क्लॅश्ड विथ पोलीस’ वाचशील तेव्हा थांब. क्लॅशमध्ये सुरुवात कोणी केली ते गायब आहे, आणि वाक्याच्या तोंडाला मोर्चेवाले बसवलेत. दुसरा पेपर ‘पोलीस चार्ज्ड ॲट प्रोटेस्टर्स’ म्हणतो. घटना तीच असू शकते, पण पहिल्यात तू एका गल्लीत उभा आहेस आणि दुसऱ्यात दुसऱ्या.

नावांचं पण असंच. अमेरिकेत मोठी मालमत्ता मागं ठेवून गेलेल्यांच्या इस्टेटीवर कर आहे, कायद्यात त्याचं नाव इस्टेट टॅक्स. विरोधकांनी त्याला डेथ टॅक्स म्हणायला सुरुवात केली. इस्टेट किती जणांकडं असते? मरण मात्र सगळ्यांना आहे! ज्याला तो कर आयुष्यात लागणार नाही त्याला पण राग यायला लागला.

आणि कर्ता लपवायची सोय, ती तर फार जुनी. इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण अंगाशी आलं तेव्हा जानेवारी १९८७ च्या भाषणात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन म्हणाले होते, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’. कोणी केल्या? वाक्यात त्याला जागाच नाही. तिथले लोक या वाक्यरचनेची अजून टिंगल करतात.

इथं आपल्याला एक वेगळाच धोका आहे, तो इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा लक्षात ठेव. मराठीत ‘काच फुटली’, ‘उशीर झाला’, ‘चूक झाली’ हे साधं बोलणं आहे, त्यात कोणी पळवाट काढतोय असं आपल्याला वाटत नाही, उलट ‘मी काच फोडली’ म्हटलं तर मुद्दाम फोडली की काय असं वाटतं. तेच डोक्यात ठेवून पोरं इंग्रजीत ‘मिस्टेक हॅपन्ड’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा अंग काढून घेतोय. तिथं ‘आय मेड अ मिस्टेक, आय फिक्स्ड इट’ हेच सरळ लागतं. राजकारण्याला जी रचना लपायला उपयोगी पडते ती आपल्या पोरांना नकळत लबाड ठरवते, हे मला फार जाचतं खरं तर.

तुला उपाय म्हणशील तर पेन्सिल घेऊन अग्रलेखातल्या फक्त क्रियापदांखाली रेघा मार आणि प्रत्येकाला विचार, कोणी? बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळणार नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे. हे सगळं म्हणजे लोकांना गंडवायचं शिक्षण नाही का?

सर, प्रश्न रास्त आहे. पण न्यूट्रल शब्द मिळेल ही आशा पण मला फारशी नाही. १९८२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, फुप्फुसाच्या कॅन्सरला ऑपरेशन करावं का रेडिएशन द्यावं. काहींना सांगितलं ऑपरेशनमध्ये शंभरातले ९० वाचतात, काहींना सांगितलं शंभरातले १० जातात. गणित एकच, तरी ‘जातात’ ऐकल्यावर ऑपरेशन निवडणारे बरेच कमी झाले, आणि त्या लोकांत डॉक्टर पण होते! दोन्ही वाक्यं खरी आहेत, खोटं कोणी बोललं नाही, आणि तिसरं बिनवासाचं वाक्य काही अस्तित्वात नाही. मग डॉक्टरनं दोन्ही सांगावीत. टॉवेलवाल्याकडून तेवढी अपेक्षा मी नाही करत, पण त्यानं जीएसएम खोटा लिहू नये.

नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. कार्डवर बँक चार्ज कापते म्हणून इंग्रजीत बोर्ड लावलाय ‘२ पर्सेंट एक्स्ट्रा ऑन कार्ड’. गिऱ्हाईक बोर्ड वाचूनच भांडतंय. इंग्रजी चुकलंय का बघा.

इंग्रजी बरोबर आहे, म्हणून तर भांडतंय. अमेरिकेत १९७० च्या दशकात क्रेडिट कार्ड कंपन्यांनी याच्यासाठीच जोर लावला होता की दोन भाव ठेवायचेच असतील तर कार्डाचा भाव मुख्य धरा आणि रोखवाल्याला डिस्काउंट म्हणा, कार्डवाल्याला सरचार्ज म्हणू नका. फरक तेवढ्याच पैशाचा, पण खिशातून जादा गेलेले टोचतात आणि न मिळालेली सूट माणूस सोडून देतो.

मात्र कार्डवर जादा पैसे घेता येतात का हे आधी तुमच्या बँकेला विचारा, नियमात बसत नसेल तर भाषेनं काही वाचणार नाही. बसत असेल किंवा नसेल, दुसरा बोर्ड केलेला बरा : भावाच्या चिठ्ठीवर एकच भाव, कार्डचा, आणि काउंटरला ‘२ पर्सेंट ऑफ ऑन कॅश’. एक्स्ट्रा शब्द त्या भिंतीवरून काढून टाका. आणि खाली तेच मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा, तुमचं अर्धं गिऱ्हाईक विजापूर-कलबुर्गीकडून येत असणार, त्यांच्याशी इंग्रजीत कशाला भांडता?