स्टेंट, नाइट शिफ्ट आणि दोन वर्षांचं एक्स्टेन्शन

प्रश्न (नाशिकहून आलेलं पत्र, थोडक्यात): सातपूर एमआयडीसीतल्या कारखान्यात 29 वर्षं नोकरी, सध्या मशिन शॉपचा सुपरवायझर. मार्चअखेर 58 पूर्ण होतील. कंपनी म्हणते, आणखी दोन वर्षं कंत्राटावर थांबा, महिना 42 हजार, शिफ्ट फिरती. 11 वर्षांपासून मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवला. पीएफ 34 लाख, ग्रॅच्युइटी सुमारे 5 लाख, एफडी 9 लाख. गृहकर्ज 4.6 लाख बाकी. ईपीएस (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शन महिना 4,400 बसेल. घरखर्च, हप्ता सोडून, 36 हजार. मुलीच्या लग्नाला 10 लाख धरलेत. पत्नी 54 वर्षांची, गृहिणी. जुना सहकारी अंबडला वर्कशॉप काढतोय, 12 लाख घालून भागीदार व्हा म्हणतो. मुलगा म्हणतो, बाबा, आता बास करा. आमचे काका सत्तरीपर्यंत शेतात राबले आणि ठणठणीत राहिले, त्यामुळे मला वाटतं काम सोडलं की माणूस खचतो. काय करू?

नमस्कार. आधी काकांविषयी. ते राबले म्हणून ठणठणीत राहिले, की ठणठणीत होते म्हणून राबू शकले? ज्यांचे गुडघे पन्नाशीत गेले ते केव्हाच ओट्यावर येऊन बसले आणि आपल्या आठवणीतून गेले. सत्तरीत काम करणारी माणसं दिसतात ती मुळात टिकलेली असतात. हा गुंता अभ्यासकांनाही सुटत नाही. म्हणूनच देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये पंचेचाळिशी ओलांडलेल्या 72 हजारांहून अधिक लोकांना तब्येत, काम आणि पैसा या तिन्हींबद्दल विचारलं. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटायचं, अशी त्या पाहणीची रचना आहे. काम सुटल्यावर माणूस खचतो हेही काही वेळा खरं असतं, मी नाकारत नाही. पण स्टेंटवाल्या माणसाने काकांकडे बघून नाइट शिफ्ट घेऊ नये.

आता हिशेब. पीएफ, ग्रॅच्युइटी, एफडी मिळून 48 लाख. कर्ज फेडलं, लग्नाचे 10 लाख काढले, की उरतात 33.4 लाख. त्यातले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 मिळतील. (साठीच्या आत असलात तरी निवृत्तीच्या पैशातून हे खातं उघडता येतं. मात्र पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत.) पेन्शन धरून 24,900. खर्च 36 हजार. पहिल्याच महिन्यात 11 हजार कमी पडतात, आणि महागाईने ही फट दरवर्षी वाढत जाईल. व्याज मात्र पाच वर्षं जागचं हलणार नाही, आणि ईपीएस पेन्शनला महागाई भत्ता नसतो.

दोन वर्षं 42 हजारांवर काढली तर? पगारात घर चालेल, व्याज आणि पेन्शन साठेल, सगळं मिळून सात लाखांच्या आसपास भर पडेल. साठीला तुमच्याकडे 40-41 लाख असतील आणि खर्च चाळीस हजारांवर गेलेला असेल. फट तिथेच. म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्नच अपुरा आहे. दोन वर्षांनी तुमचं भागत नाही. तुम्हाला पासष्टीपर्यंत काही ना काही कमवावं लागेल, असं मला स्पष्ट दिसतंय.

म्हणूनच शिफ्टचा मुद्दा पगारापेक्षा मोठा आहे. 42 हजार गुणिले 24 म्हणजे 10 लाख 8 हजार. महिन्याला 20 हजारांचं हलकं काम सात वर्षं केलंत तर 16 लाख 80 हजार. मधुमेहात जेवण, गोळ्या आणि झोप यांच्या वेळा दर आठवड्याला फिरल्या की साखर आवरत नाही, हे तुम्ही अनुभवलं असणारच. दोन वर्षांच्या फिरत्या शिफ्टमध्ये शरीर गेलं तर पुढची पाच वर्षं कमाई शून्य, आणि औषधांचा खर्च नेमका तेव्हाच वाढलेला. तब्येत आणि पैसा हे दोन वेगळे धोके म्हणून आपण मांडतो, पण येतात ते जोडीने. आजारी माणसाला पैशाची गरज सर्वांत जास्त, आणि कमावण्याची ताकद सर्वांत कमी.

तेव्हा कंपनीला नाही म्हणू नका, अट घाला. फक्त जनरल शिफ्ट, जमल्यास आठवड्यातून चार दिवस, आणि काम इन्स्पेक्शनचं किंवा नव्या पोरांना सेटिंग शिकवण्याचं. त्यासाठी 42 चे 28 हजार झाले तरी चालतील. 29 वर्षांचा सुपरवायझर कंपनी स्वतःहून थांबवतेय, म्हणजे गरज त्यांनाही आहे. हृदयरोगतज्ज्ञांकडून तसं लेखी आणा. तोंडी विनंती आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांत एचआरला फार फरक दिसतो. फिरत्या शिफ्टवरच अडून बसले, तर मुलाचं ऐका आणि अंबड-सातपूरच्या लहान वर्कशॉपमध्ये तासांवर काम शोधा.

या सगळ्याआधी विमा. तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे: कंपनीची तीन लाखांची ग्रुप पॉलिसी आहे, कंत्राटी लोकांना ती नाही. मला वाटतं, पत्रातली सर्वांत महागडी ओळ हीच. स्टेंटनंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर वयाची मर्यादा आड येणार नाही, ती 2024 मध्येच गेली. पण जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात किंवा सरळ नकार देऊ शकतात. त्याऐवजी ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क वापरा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं तिथे प्रतीक्षाकाळात धरली जातात. तपासणी होईल, हप्ता चढा लागेल, तरी घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आजच बघून ठेवा. छातीत दुखायला लागल्यावर कुणी यादी शोधत नाही.

पेन्शन दोन वर्षं पुढे ढकलली तर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, असं कुणीतरी सांगेल. खरं आहे. पण 4,400 चे साधारण 4,760 होतील, आणि त्यासाठी आज 1 लाख 5 हजार सोडावे लागतील. ते भरून निघायला साठीनंतर 24 वर्षं. स्टेंट नसता तरी मी नको म्हटलं असतं. 58 लाच सुरू करा, काम करत असतानाही ती मिळते. तुमच्या पश्चात पत्नीला तिची निम्मीच मिळेल, आणि त्या तुमच्याहून चार वर्षांनी लहान आहेत. बचत योजनेचं खातं म्हणूनच दोघांच्या नावावर उघडा. कराची काळजी नको: पगार, व्याज, पेन्शन मिळून वर्षाला आठ लाखांच्या आसपास, आणि नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत कर लागत नाही.

भागीदारी नको. भागीदारी संस्थेत तोटा झाला तर देणेकरी तुमच्या घरापर्यंत येऊ शकतात, गुंतवलेल्या 12 लाखांवर थांबत नाहीत. मित्राला तुमचा हात हवा असेल तर पगार देऊन घ्यावा.

राहिलं लग्न. हे लिहिताना जरा जपून लिहितोय, कारण इथे सल्लागाराने बोलू नये असं अनेकांना वाटतं. पण आकडे बघा: दोन वर्षांचा कंत्राटी पगार 10 लाख 8 हजार, लग्नाचं बजेट 10 लाख. म्हणजे तुम्ही हॉल आणि जेवणावळीसाठी नाइट शिफ्ट करणार आहात. मुलगी एमएस्सी करतेय, तिच्यासमोर हा कागद ठेवा. ती काय म्हणते याचा अंदाज मी बांधत नाही, पण तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. पाच लाखांत बसवलं तर ते पाच लाख तुमच्या पासष्टीनंतरच्या खर्चाला उरतात. मुलाने महिन्याला पाच-सात हजार द्यायचे की नाही, तेही त्याच बैठकीत बोलून टाका. "आता बास करा" म्हणणाऱ्याला तेवढं विचारता येतं. फ्लॅट शेवटचा आधार म्हणून ठेवा. साठीनंतर रिव्हर्स मॉर्गेजचा, म्हणजे घरात राहूनच ते तारण ठेवून बँकेकडून पैसे घेण्याचा मार्ग असतो, तो आज लागणार नाही.

एचआरकडे जाल तेव्हा पगाराची बोलणी दुसरी ठेवा. आधी ग्रुप पॉलिसीचा नंबर, विमा कंपनीचं नाव आणि तुमचं नाव त्यात कोणत्या वर्षापासून आहे याचं पत्र मागा. पॉलिसीतून नाव निघण्याच्या किमान महिनाभर आधी विमा कंपनीकडे अर्ज गेला पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे फेब्रुवारीअखेरपर्यंत वेळ आहे.