ही चाई नसावी

प्रश्न : माझी बहीण 34 वर्षांची, वजन 48 किलो. आठ महिन्यांपूर्वी टाळूवर दोन रुपयांच्या नाण्याएवढा चट्टा पडला. चाई समजून आम्ही कांद्याचा रस चोळत राहिलो. आता चट्टा मध्ये पांढरट, कडेला काळपट आहे आणि उन्हात चुरचुरतो. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय, शिवाय मलेरियाची गोळी दिलीय. मलेरिया नसताना ती कशाला? केस परत येतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चाईत केस गळतात, पण त्यांची छिद्रं शाबूत राहतात, म्हणून ते पुन्हा उगवू शकतात. तुमच्या वर्णनावरून डॉक्टरांना डिस्कॉइड ल्युपसचा संशय दिसतो. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, केसांच्या मुळांशी दाह होतो आणि तो रेंगाळला की छिद्रं बुजून व्रण उरतो. पांढऱ्या, चकचकीत भागात केस येणार नाहीत. कडेला जिथे अजून लालसर, खवलेदार दिसतं तिथले वाचवता येतात, म्हणून घाई करायची. कानाच्या खळग्यातही बघा. तिथला काळपट, खवल्यांचा डाग ही या आजाराची चांगली खूण. कांदा-लसूण चोळणं आजच बंद करा. त्वचा भाजली की त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. आजार संसर्गजन्य नाही, कंगवा वेगळा नको.

तुकडा 4 मिलिमीटरचा असतो, जागा बधिर करून काढतात. तो लालसर कडेतून घ्यायला हवा. पांढऱ्या मध्यातून घेतला तर रिपोर्टात नुसता व्रण दिसतो, कारण कळत नाही. इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीचा (त्वचेत साठलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी) दुसरा तुकडा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात टाकला की वाया गेला. सोबत एएनए (स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी), रक्तगणना, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि लघवीतली प्रथिनं तपासा. सांधेदुखी, तोंडात व्रण, पायांना सूज किंवा लघवीला फेस असेल तर लगेच सांगा. ल्युपस आतल्या अवयवांपर्यंत गेला असू शकतो.

मलेरियाची गोळी म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ती प्रतिकारशक्तीचा हा उलटा मारा सौम्य करते. दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे बहिणीला 240च्या आत. 200ची एक गोळी जेवणानंतर बसते, 400 जास्त होतील. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि नेमकी तेवढ्यातच बरेच जण ती सोडतात. सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, पाच वर्षांनंतर दरवर्षी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना या गोळीचा गुण कमी येतो.

गोळीचा गुण येईपर्यंत चट्ट्यावर क्लोबेटासोल या स्टेरॉइडचं लोशन किंवा दर 4 ते 6 आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. इंजेक्शन जास्त झालं तर तिथे खड्डा पडतो. उन्हात टोपी किंवा छत्री हवीच; ऊन चट्टे भडकवतं, मग औषधही अपुरं पडतं. जुन्या व्रणावर न भरणारी जखम झाली तर थांबू नका, क्वचित तिथे कर्करोग होतो.

हेअर ट्रान्सप्लांट आजार एक-दोन वर्षं पूर्ण शांत राहिल्याशिवाय नको, नाहीतर लावलेले केसही गळतात. सध्या भांग बदलून चट्टा झाका. केसांचा पॅच लावलात तर घट्ट क्लिपचा नको.