हॅरिस पार्क की कॅसल हिल? ‘सेफ’ भागासाठी वर्षाला २४,००० डॉलर मोजण्याआधी

प्रश्न : आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी. सिडनीत वेस्टमीडला भाड्याने राहतो, पीआर (कायम राहण्याची परवानगी) झाली आहे, हे आमचं पहिलंच घर. मी तिथल्याच हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, मिस्टर पॅरामाटाला आयटीत. शिल्लक १,६०,००० डॉलर. हॅरिस पार्कमध्ये दोन बेडरूमचं युनिट (फ्लॅट) ६,१०,००० ला मिळतंय. विटांची जुनी तीन मजली इमारत, तळमजला, मागच्या गल्लीत उघडं पार्किंग, स्ट्रॅटा (इमारतीचा देखभाल खर्च) तिमाही ९००. दुसरं कॅसल हिलला ८,५०,००० ला आहे. लिफ्ट, पूल, बंद गॅरेज, स्ट्रॅटा तिमाही १,४५०. नणंदेने एका वेबसाइटवर दाखवलं की हॅरिस पार्कला सुरक्षिततेत ‘डी’ ग्रेड आहे. नाशिकला सासरे २००९ च्या बातम्या अजून विसरलेले नाहीत, ते म्हणतात तिकडे मुळीच घेऊ नका. माझी संध्याकाळची शिफ्ट रात्री दहाच्या सुमारास सुटते. जास्त कर्ज काढून कॅसल हिललाच जावं का?

उत्तर : आधी हिशेब मांडू, भीतीकडे मग येऊ. नाहीतर भीती हिशेबाला जवळ फिरकू देत नाही.

हॅरिस पार्कला २० टक्के म्हणजे १,२२,००० भरले की कर्ज ४,८८,००० राहतं. पहिलं घर आणि किंमत आठ लाखांच्या आत, त्यामुळे न्यू साउथ वेल्समध्ये स्टँप ड्युटी शून्य. वकील, तपासण्या, सामान हलवणं वजा जाऊनही तीसेक हजार हातात उरतात. कॅसल हिलला आठ लाखांच्या वर गेल्यामुळे ड्युटीची सवलत अर्धवट मिळते आणि दहा हजारांच्या आसपास भरावे लागतात. बाकीचा खर्च धरून डिपॉझिटला जेमतेम १,४५,००० राहतात, कर्ज ७,०५,००० होतं आणि हाताशी काहीच उरत नाही. डिपॉझिट २० टक्क्यांपेक्षा कमी पडलं तरी केंद्र सरकारच्या पाच टक्के डिपॉझिटच्या योजनेमुळे एलएमआय, म्हणजे कमी डिपॉझिटवर बँक भरायला लावते तो कर्जाचा विमा, वाचू शकतो. ऑक्टोबर २०२५ पासून त्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा राहिलेली नाही. पण योजना कर्ज लहान करत नाही, फक्त दार उघडते.

सहा टक्के व्याज आणि तीस वर्षं धरली तर एकीकडे महिन्याला २,९२५ च्या आसपास हप्ता, दुसरीकडे ४,२२५. फरक १,३०० चा. त्यातला थोडा भाग मुद्दल फेडतो, तो तुमचाच. निव्वळ जादा व्याज पहिल्या वर्षी सुमारे १३,०००. स्ट्रॅटाचा फरक २,२००. शिवाय कॅसल हिलची मेट्रो चॅट्सवूडकडे आणि सिटीत जाते, वेस्टमीडला नाही. रात्री दहाला बसच्या भरवशावर तुम्ही राहणार नाही, म्हणजे दुसरी गाडी आलीच. रेगो (गाडीची वार्षिक नोंदणी), विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि घसारा मिळून मी नऊ हजार धरतो. बेरीज २४,००० च्या पुढे, आणि हे टॅक्स भरून उरलेल्या पगारातून.

हे पैसे कशाचे ते आता बघू.

‘डी’ ग्रेडचं म्हणाल तर या वेबसाइटी बहुतेक वेळा पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांना लोकसंख्येने भागतात आणि अक्षर चिकटवतात. हॅरिस पार्कची वस्ती पाच हजारांच्या आसपास. दर एक लाखामागे मोजायचा म्हटलं की इथे घडलेला एकेक गुन्हा वीस-वीसने आकडा वाढवतो. एका रात्री एकाच चोरट्याने विग्रम स्ट्रीटवर तीन गाड्यांच्या काचा फोडल्या तर दर साठने चढला. त्या तीन गाड्या कोणाच्या? शनिवारी रात्री ब्लॅकटाउन नाहीतर लिव्हरपूलहून डोसा-चाट खायला आलेल्यांच्या. गुन्हा हॅरिस पार्कच्या खात्यात, पण भागाकारात ती माणसं कुठेच नाहीत. शेजारी पॅरामाटासारखं मोठं केंद्र, मध्ये स्टेशन आणि रेस्टॉरंटांची गर्दी, अशा छोट्या सबर्बचा (उपनगराचा) दर असाच फुगतो. सिडनी सिटीचाही फुगतो, पण तिथे कोणी नणंद नाक मुरडत नाही.

न्यू साउथ वेल्सच्या गुन्हे आकडेवारी ब्यूरोची, म्हणजे बोकसारची, मूळ आकडेवारी फुकट आहे. सबर्बनुसार, गुन्ह्याच्या प्रकारानुसार बघता येते. त्यांच्या हॉटस्पॉट नकाशांखाली स्वच्छ लिहिलेलं असतं की तिथे राहणाऱ्या किंवा येणाऱ्या माणसांची संख्या यात विचारात घेतलेली नाही. लाल ठिपका म्हणजे तिथे गुन्हे एकवटलेत. तुम्हाला धोका जास्त आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तुम्ही एकूण बेरीज सोडा आणि चारच ओळी बघा : घरफोडी, गाडीतून चोरी, गाडीची चोरी, आणि घराबाहेरची मारहाण-लूट. घरगुती हिंसाचार वेगळा ठेवा. तो गंभीर आहेच, पण चार भिंतींआडच्या त्या गुन्ह्यावरून रस्त्यावर चालणाऱ्या बाईला किती धोका आहे ते कळत नाही. ड्रग्ज बाळगल्याच्या नोंदीही बाजूला काढा, स्टेशनबाहेर पोलिसांनी जास्त झडत्या घेतल्या की त्या वाढतात. आणि एका वर्षावर जाऊ नका, पाच वर्षं सलग बघा. एवढ्याशा सबर्बमध्ये वर्षाचा आकडा नुसत्या योगायोगानेही दुपटीने वर-खाली होतो.

सासऱ्यांची भीती खोटी नाही, जुनी आहे. २००९ च्या मे-जूनमध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, पाठोपाठ जूनमध्ये हॅरिस पार्कच्या रस्त्यावर भारतीय मुलं रात्री निदर्शनं करत उभी राहिली, आणि आपल्याकडच्या चॅनेलांनी ती दृश्यं दिवसभर फिरवली. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजीने २००५ ते २००९ या काळातल्या परदेशी विद्यार्थ्यांवरच्या गुन्ह्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय विद्यार्थ्यांत मारहाणीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांइतकं किंवा त्याहून कमी निघालं. लुटले जाण्याचं मात्र जास्त होतं, आणि त्यामागे सर्व्हिस स्टेशन, किराणा दुकान, टॅक्सी असली रात्रपाळीची कामं आणि उशिराचा ट्रेनप्रवास ही कारणं दिसत होती. म्हणजे पत्त्यापेक्षा वेळ आणि काम यांचा वाटा मोठा. तुमच्या प्रश्नात हेच महत्त्वाचं आहे, त्याकडे मी परत येतो. त्याच हॅरिस पार्कला २०२३ मध्ये मोदींच्या सिडनी भेटीत ‘लिटल इंडिया’ म्हणून मिरवलं गेलं. ते काही सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. पण सासऱ्यांना सांगायला उपयोगी पडेल.

एका माणसाला मात्र या भीतीची रोकडी किंमत लावावी लागते. तो म्हणजे विमा कंपनीवाला. आज रात्री एकाच कंपनीच्या साइटवर दोन्ही पत्ते टाका, घरातल्या सामानाची रक्कम तीच ठेवा आणि कोट काढा. मग गाडीचा कोट काढा, एकदा ‘रात्री उघड्या पार्किंगमध्ये’ आणि एकदा ‘बंद गॅरेजमध्ये’. इमारतीचा विमा ओनर्स कॉर्पोरेशन (सगळ्या फ्लॅटमालकांची संस्था) काढते, तो स्ट्रॅटात आला. मी असे कोट बरेच पाहतो. अशा दोन पत्त्यांत फरक पडतो तो वर्षाला शेकड्यांत. ज्याचे स्वतःचे पैसे पणाला लागलेत तो काही शे डॉलरचा फरक सांगतोय, आणि तुम्ही २४,००० मोजायला निघालात.

विम्याचं निघालंच आहे तर सोन्याबद्दल. आपल्या घरात मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, मुलीच्या बारशाच्या साखळ्या असतात आणि चोरांनाही ते ठाऊक असतं. घरातल्या सामानाच्या साध्या विम्यात, म्हणजे कंटेंट्स पॉलिसीत, दागिन्यांना मर्यादा असते. प्रत्येक मोठा दागिना नावानिशी नोंदवला नाही, व्हॅल्युएशनचा कागद नसला, तर पाच तोळ्यांच्या पाटल्यांचे हातात फारच थोडे येतात. इथे भारतासारखे शाखेशाखेत बँक लॉकर मिळत नाहीत, खासगी तिजोरी भाड्याने घ्यावी लागते. ती घ्या. हे कॅसल हिललाही करावंच लागेल, सोनं सबर्ब बघून चोरीला जात नाही.

आता त्या युनिटबद्दल, कारण माझी खरी हरकत तिथे आहे. हॅरिस पार्कला नाही, या युनिटला. तळमजला, मागे गल्ली, उघडं पार्किंग. चोराला हवी असते आडोशाची जागा आणि पटकन पळायची वाट. त्याच इमारतीतलं किंवा शेजारच्या रस्त्यावरचं दुसऱ्या मजल्यावरचं युनिट आणि तळमजल्यावरचं हे, दोघांचा सबर्ब एकच, धोका वेगवेगळा.

दुसरी गोष्ट टपालपेट्यांची. अशा जुन्या इमारतींत सगळ्या पेट्या फुटपाथलगत एका ओळीत असतात, अर्ध्यांची कुलपं गेलेली, पत्रं बाहेर डोकावणारी. त्यातून नवं डेबिट कार्ड किंवा टॅक्स ऑफिसचं पत्र गेलं तर काच फुटण्यापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं. कोणीतरी तुमच्या नावावर मोबाइल घेतं, कर्जाचा अर्ज करतं, आणि क्रेडिट फाइल साफ करण्यात महिने जातात. तेही नेमके गृहकर्ज चालू असताना. घर कुठेही घ्या, टपालपेटीला चांगलं कुलूप लावा आणि बँक, टॅक्स, सुपर (निवृत्तीचा फंड) यांचं सगळं टपाल ऑनलाइन करून टाका. खर्च तीस डॉलर.

राहिली तुमची शिफ्ट. रात्री दहाला सुटून वेस्टमीड, पॅरामाटा, हॅरिस पार्क असा दोन स्टेशनांचा प्रवास आणि पुढे चालणं. इथे माझ्या एक्सेल शीटला काही कळत नाही. एखाद्या मंगळवारी रात्री साडेदहाला आणि एखाद्या शनिवारी अकराला, मिस्टरांना घेऊन, स्टेशन ते घर चालून बघा. उजेड कुठे संपतो, दुकानं किती वाजता बंद होतात, वाटेत एकटं वाटायला लागतं का. पोटात गोळा आला तर ग्रेड ‘ए’ असला तरी ते घर घेऊ नका.

पण एक गणित मांडून ठेवतो. कर्ज देताना बँक व्याजदरात तीन टक्के वाढवून तुमची ऐपत तपासते. ७,०५,००० च्या कर्जाला तो हप्ता ५,६७० च्या आसपास जातो. तो बसवायला तुमच्या संध्याकाळच्या आणि शनिवार-रविवारच्या शिफ्टचा जादा पगार लागणार. म्हणजे सुरक्षित भागातल्या घरासाठी तुम्ही पुढची किती वर्षं रात्री दहालाच बाहेर पडणार, आणि दमलेल्या अवस्थेत गाडी हाकत घरी येणार. हॅरिस पार्कच्या हप्त्यात तुम्हाला दिवसपाळी मागता येईल, जादा पगारावर पाणी सोडूनही. धोका वेळेचा असेल तर तो वेळ बदलून कमी करणं सगळ्यात स्वस्त. मुलगीही आता शाळेला लागेल.

तुमचे आई-वडील किंवा सासू-सासरे सहा महिने राहायला येतील तेव्हाचाही विचार करा. हॅरिस पार्कला ते सकाळी स्वतः जाऊन भाजी आणतील, दोन माणसं हिंदी बोलणारी भेटतील. कॅसल हिलला बरंचसं तुमच्या सुट्टीची वाट बघत बसतील.

कॅसल हिलची बाजूही सांगतो. पॅरामाटा परिसरात युनिटांचा पुरवठा भरपूर आहे आणि भाव हळू चढतात. हॅरिस पार्कची बदनामी आज तुम्हाला स्वस्तात घर देतेय, विकताना तीच गिऱ्हाइकाच्या हातात असेल. दहा वर्षांत घसघशीत नफा ही अपेक्षा असेल तर निराश व्हाल. मात्र भाड्याला मागणी टिकून असते. ड्युटीच्या सवलतीसाठी वर्षाच्या आत राहायला जाऊन सलग बारा महिने राहावं लागतं. त्यानंतर मोठ्या घरात भाड्याने गेलात आणि हे भाड्याने दिलं, तरी दुसरं घर ‘आपलं मुख्य घर’ म्हणून दाखवलं नाही तर सहा वर्षांपर्यंत कॅपिटल गेन टॅक्सची सूट टिकवता येते.

माझं मत : हॅरिस पार्क घ्या, हे युनिट सोडा. वरच्या मजल्यावरचं, रस्त्याकडे तोंड असलेलं, शक्यतो बंद गॅरेजचं बघा. त्यासाठी तीस-चाळीस हजार जास्त पडले तरी चालेल, स्ट्रॅटा हजाराच्या आसपास गेला तरी चालेल. पूर्वेला क्ले क्लिफ क्रीकच्या बाजूला बघत असाल तर पुराची माहिती आणि पुरासह विम्याचा कोट आधी काढा. तिथे पाणी हा चोरापेक्षा मोठा खर्च ठरू शकतो.

आणि कोणत्याही युनिटवर सही करण्याआधी स्ट्रॅटा रिपोर्ट, म्हणजे इमारतीच्या कारभाराच्या नोंदींचा अहवाल, मागवा. कॅपिटल वर्क्स फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या निधीत) किती शिल्लक आहे, मागच्या तीन वर्षांच्या मीटिंगांत छप्पर, बाल्कनी, पाण्याचे पाइप यावर काय चर्चा झाली, स्पेशल लेव्ही (मालकांकडून घेतली जाणारी जादा वर्गणी) येऊ घातली आहे का, ते वाचा. ऑलिंपिक पार्कचा ओपल टॉवर २०१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी आणि मॅस्कॉट टॉवर्स २०१९ च्या जूनमध्ये रिकामे करावे लागले. दोन्ही चांगल्या वस्तीत, दोन्ही त्यामानाने नव्या इमारती. मीटिंगांच्या त्याच इतिवृत्तांत इमारतीत चोऱ्या झाल्या का, कॅमेरे बसवायचा ठराव आला का आणि तो कोणी हाणून पाडला, हेही सापडतं. कुठल्याही ग्रेडपेक्षा ती माहिती तुमच्या जास्त कामाची.

खासगी व्यवहार असेल तर सही झाल्यावर पाच कामकाजाचे दिवस माघार घेता येते, किमतीच्या ०.२५ टक्के सोडून. लिलावात ती सोय नाही, हातोडा पडला की घर तुमचं. एजंट तुम्हाला लिलावाकडे ढकलत असेल तर कागद वाचून होईपर्यंत हात वर करू नका.